चक्कर येते? मग ऐकू कसं येतंय तेही बघा

आईला (वय ६३) कुशीवर वळलं की घर गरगर फिरतं, अर्ध्या मिनिटात थांबतं. ऐकू नीट येतं. मानेचे मणके म्हणून पट्टा लावलाय. कानाचं असेल का?

बहुतेक कानाचंच. आतल्या कानात ऐकायचा शंख आणि तोल सांभाळणारा भाग शेजारी-शेजारी असतात, तोलाच्या भागातले कॅल्शियमचे कण सुटून नळीत शिरले की मान वळवताच चक्कर येते, शंखाला काहीच झालेलं नसतं म्हणून ऐकणं शाबूत. याला बीपीपीव्ही म्हणतात. पट्ट्याने कण जागेवर जात नाहीत हो! ईएनटीकडे न्या, डोकं वळवून झटकन आडवं करतात, बुबुळं थरथरताना दिसली की एप्ली नावाची क्रिया तिथेच करतात, बऱ्याच जणांना एक-दोनदा केल्यावरच आराम पडतो.

मला दोन-तीन तास चक्कर, उलट्या. आधी डाव्या कानाला दडे बसतात, घूं आवाज येतो, ऐकू कमी येतं. नंतर सगळं नॉर्मल.

हे मेनिएरसारखं वाटतंय. आतल्या कानातलं पाणी वाढतं, आणि ते दोन्ही भागांत एकच असल्याने तोल आणि ऐकणं दोन्ही बिघडतं. १८६१ मध्ये पॅरिसच्या डॉ. मेनिएरनी सांगेपर्यंत लोक अशी चक्कर मेंदूचीच समजायचे. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करा, शक्यतो कान बंद वाटत असतानाच, कारण सुरुवातीला फक्त जाड आवाजांचं ऐकणं उतरतं आणि नंतर परत येतं, मग रिपोर्ट नॉर्मल निघतो आणि पेशंटला म्हणतात टेन्शन घेऊ नका. लोणचं, पापड, फरसाण कमी करा. अटॅक येत राहिले तर ऐकणं कायमचं उतरू शकतं, म्हणून अंगावर काढू नका.

काल उठल्यापासून उजव्या कानाने ऐकूच येत नाही, चक्करही आहे. मळ असेल म्हणून तेल घातलं. किती दिवस वाट बघू?

एकही दिवस नाही. आजच जा. एका कानाचं ऐकणं असं एकाएकी गेलं तर ती इमर्जन्सी असते, स्टिरॉइड जितक्या लवकर तितका फायदा, दोन आठवड्यांनंतर फारसा उरत नाही. डायबेटिस असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, शुगर वाढते. तेल आता अजिबात नको. बोलणं अडखळलं, दोन-दोन दिसलं, हातपाय लुळे पडले किंवा उभंच राहता येईना तर ईएनटी नाही, थेट मोठं हॉस्पिटल, कारण मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी झाली तरी चक्कर आणि बहिरेपण एकत्र येऊ शकतं.

चक्करची गोळी सहा महिने चालू आहे, बंद करू का?

कुठली गोळी ते लिहिलं नाहीत. प्रोक्लोरपेराझिन असेल तर ती अटॅकपुरती, फार तर थोडे दिवस. महिनोन्‌महिने घेतली तर मेंदू तोल सावरायला शिकतच नाही, वयस्कर माणसांना हात थरथरणंही सुरू होतं. चिठ्ठी घेऊन डॉक्टरांना भेटा आणि ऑडिओमेट्री झालेली नसेल तर तीही मागा.