मावणे, बसणे, बेतणे: ‘रिस्पॉन्सिव्ह’ डॅशबोर्डला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न रत्नागिरीहून आला आहे. एका मच्छीमार सहकारी संस्थेसाठी रोजची आवक, माशांचे जातवार दर आणि बर्फ-डिझेलचा खर्च दाखवणारा डॅशबोर्ड तयार होतो आहे. तो कचेरीतल्या भिंतीवरच्या टीव्हीवर दिसायला हवा, सचिवांच्या लॅपटॉपवर दिसायला हवा आणि नौकामालकांच्या मोबाईलवरही. सभासदांना द्यायच्या सूचनेत ‘प्रतिसादात्मक डॅशबोर्ड’ असे लिहिले गेले, पण ते कोणालाच पटले नाही. कचेरीत सगळे ‘स्क्रीनप्रमाणे ॲडजस्ट होणारा’ म्हणतात. प्रश्नकर्त्या ताई विचारतात की ‘रिस्पॉन्सिव्ह’ला चांगला मराठी शब्द कोणता, आणि ‘ब्रेकपॉइंट’ला (स्क्रीनच्या ज्या रुंदीला मांडणी बदलते तिला) काय म्हणावे?

ताई, ‘प्रतिसादात्मक’ तुम्हाला खटकला ते योग्यच आहे. मराठीत प्रतिसाद देतात ती माणसे. रक्तदान शिबिराला प्रतिसाद मिळतो, आवाहनाला मिळतो, हाकेला मिळतो. तुमची सूचना वाचणारा सभासद असे समजेल की या डॅशबोर्डला काही विचारले तर तो उत्तर देतो, किंवा बोट टेकवताच चटकन उघडतो. स्क्रीनच्या रुंदीचा विचार त्याच्या मनात येणारच नाही. मूळ संज्ञा मात्र विचार करूनच घडवलेली आहे. इथन मार्कोट या अमेरिकन वेब डिझायनरने २०१० मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ ही कल्पना मांडली, तेव्हा त्याच्या नजरेसमोर वास्तुकलेतला एक प्रवाह होता. आत वावरणाऱ्या माणसांची चाहूल घेऊन स्वतःत बदल करणाऱ्या वास्तू, असा तो विचार. त्या संदर्भात ‘प्रतिसाद’ शोभतो. आपल्याकडे संदर्भ आलाच नाही, नुसता शब्द आला.

‘लवचीक’ हा दुसरा शब्द पुष्कळ जण सुचवतात. रुंदी बदलली की आपोआप रुंद-अरुंद होणाऱ्या रकान्यांना आणि चित्रांना तो चांगला आहे, तिथे जरूर वापरा. पण लवचीक वस्तू वाकते, ताणली जाते, सोडली की पूर्ववत होते. तिचे भाग आपापल्या जागा सोडत नाहीत. डॅशबोर्ड मोबाईलवर आला की त्याचे भाग जागा सोडतात, काही तर निघूनच जातात. एवढे सगळे ‘लवचीक’ पेलत नाही.

माझे मत असे की विशेषण शोधण्याआधी क्रियापद ठरवावे. ‘स्क्रीनवर फिट होणे’ असे आपण एका दमात म्हणतो खरे, पण त्यात तीन निरनिराळी कामे एकत्र झाली आहेत, आणि त्या तिन्हींसाठी मराठीत स्वतंत्र क्रियापदे रोजच्या वापरात आहेत: मावणे, बसणे आणि बेतणे.

मावणे म्हणजे दिलेल्या जागेत आत राहणे. पाटीत बांगडा मावतो, डब्यात भात मावतो. आतली वस्तू कशी राहिली, चेपली की चुरगळली, याबद्दल हे क्रियापद काही बोलत नाही. डॅशबोर्ड नुसता मावला तर काय होते याचा हिशोब करून बघा. पॉवर बीआय या डॅशबोर्ड करण्याच्या साधनात पानाचे एक नेहमीचे माप १२८० बाय ७२० पिक्सेल असते, म्हणजे टीव्हीसारखे आडवे, १६:९ प्रमाणातले. पुष्कळ मोबाईल उभे धरले की त्यांची रुंदी ३६० पिक्सेल धरली जाते. (हे पिक्सेल ब्राउझरच्या हिशोबातले. काचेवरचे प्रत्यक्ष ठिपके त्याहून कितीतरी जास्त असतात.) १२८० चे ३६० करायचे तर सगळे काही जवळपास २८ टक्क्यांवर येते. १४ पिक्सेलचे अक्षर ४ पिक्सेलचे होते आणि आख्खा डॅशबोर्ड २०० पिक्सेल उंचीच्या पट्टीत जाऊन राहतो. मावला, पण वाचता येत नाही. डॅशबोर्ड करून देणाऱ्याला ‘मोबाईलवर मावला पाहिजे’ असे सांगितलेत, तर तो हेच करून देईल आणि सांगितलेले काम केले असेच म्हणेल.

बसणे याहून पुढचे आहे. दार चौकटीत बसते, हिशोब बसतो, संसाराची घडी बसते. इथे प्रत्येक भागाला त्याची जागा मिळणे अभिप्रेत आहे. रुंद स्क्रीनवर शेजारी-शेजारी असलेले चार चौकोन अरुंद स्क्रीनवर एकाखाली एक येतात, ते हे बसणे. ग्राफानासारख्या साधनात पानाची रुंदी २४ रकान्यांत विभागलेली असते. रुंद पानावर एखादा आलेख ६ रकाने घेतो, तर दुसरा १२. मोबाईलवर हे वाटप सोडून देऊन सगळे एका उभ्या रांगेत लावले जाते.

या रांगेकडे लक्ष द्या, कारण इथे भाषेपेक्षा कामाचा प्रश्न मोठा आहे. रांग साधारणपणे डावीकडून उजवीकडे, वरून खाली अशी लागते. टीव्हीवर उजव्या कोपऱ्यात ठळक दिसणारा ‘आजचा सुरमईचा दर’ मोबाईलवर तिसरा-चौथा येईल, आणि नौकामालकाला तर तोच आधी हवा असतो. तेव्हा मांडणी करतानाच मोबाईलवरचा क्रम मनात धरावा लागतो. आलेखांचेही तसेच. माशांच्या बारा जातींचे बारा उभे खांब लॅपटॉपवर छान दिसतात. मोबाईलवर ‘सौंदाळा’, ‘म्हाकूल’, ‘कोळंबी’ ही नावे खांबांखाली तिरकी होतात, मग एकमेकांवर चढतात. तिथे पट्ट्या आडव्या कराव्या आणि मोठीपासून लहानीपर्यंत लावाव्या, म्हणजे नावाला पूर्ण ओळ मिळते.

मोठे तक्ते मात्र असे बसत नाहीत, आणि ते मान्य केलेले बरे. सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत (डब्ल्यूसीएजी २.१, २०१८) ३२० पिक्सेल रुंदीवर मजकूर आडवा न सरकवता वाचता यावा अशी अपेक्षा आहे. पण आकड्यांचे तक्ते आणि नकाशे यांना त्यातून सूट दिलेली आहे, कारण ओळ आणि रकाना दोन्ही एकत्र दिसल्याशिवाय त्यांना अर्थच राहत नाही. अशा तक्त्यात माशाचे नाव असलेला पहिला रकाना जागेवर खिळवून बाकीचे सरकू द्यावेत.

तिसरे क्रियापद बेतणे, माझ्या सर्वांत आवडीचे. शिंपी अंगाचे माप घेतो आणि त्या मापाने कापड बेततो. बेतण्यात कापणे आले, काय ठेवायचे आणि काय सोडायचे याचा निर्णय आला. (‘कादंबरीवर बेतलेला चित्रपट’ म्हणताना आपण तेच म्हणत असतो.) टॅब्लो या अशाच साधनात एकाच डॅशबोर्डच्या संगणक, टॅबलेट आणि फोन यांसाठी वेगवेगळ्या मांडण्या करता येतात. पॉवर बीआयमध्ये मोबाईलसाठी वेगळी मांडणी करता येते, तिथे मूळ पानावरचे हवे तेवढेच घटक उचलून ठेवायचे असतात. हे आपोआप होणारे काम नाही. कोणीतरी बसून विचार करावा लागतो.

आणि बेतताना नुसती रुंदी मोजून भागत नाही. तुमच्या भिंतीवरच्या टीव्हीत १९२० बाय १०८० पिक्सेल असतील, म्हणजे तिन्ही स्क्रीनमध्ये जागा सर्वांत जास्त तिथेच. तरीही त्यावर मजकूर कमी ठेवावा लागेल, कारण तो खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून बघितला जातो आणि त्याला कोणी हात लावत नाही. तिथे चार मोठे आकडे आणि एक आलेख पुरेत. लॅपटॉपवर माउस नेला की खांबाचा नेमका आकडा तरंगून दिसतो. टीव्हीवर आणि मोबाईलवर ती सोय नाही, तेव्हा आकडा खांबालाच चिकटवून लिहायचा. मोबाईल बंदरावर भर उन्हात उघडला जातो, म्हणून करड्या पार्श्वभूमीवर फिकट निळी अक्षरे नकोत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. वर्षाच्या रुंद आलेखात ती रिकामी जागा काहीतरी सांगते, पण मोबाईलवरच्या ‘गेले सात दिवस’मध्ये नुसती शून्ये दिसतील. त्या काळात तिथे वेगळा मजकूर बेतावा.

देवनागरीची गरज इथे वेगळ्याने सांगायलाच हवी, कारण ती फार दुर्लक्षली जाते. आपली अक्षरे रेघेच्या वर आणि खाली दोन्हीकडे वाढतात. रोमन अक्षरांच्या मापाने उंची ठरवलेल्या चौकोनात स्क्रीन लहान झाली की आधी वरचे रफार आणि वेलांट्या कापल्या जातात, मग खालचे उकार. ‘कुर्ली’वरचा रफार गेला की ‘कुली’ उरतो. म्हणून ओळींमधले अंतर सैल ठेवा आणि चौकोनाची उंची मजकुराप्रमाणे वाढू द्या. आकड्यांचेही बघा. जागा वाचवायला ही साधने हजारासाठी ‘के’ आणि दशलक्षासाठी ‘एम’ लावतात. १२,४०,००० रुपयांची उलाढाल ‘१.२४ एम’ अशी दिसली तर नौकामालकाला मनात भाषांतर करावे लागेल. ‘१२.४ लाख’ला जेमतेम दोन-तीन अक्षरांची जागा जास्त लागते, तेवढी द्यावी.

‘ब्रेकपॉइंट’चे उत्तर सोपे आहे: टप्पा. ज्या रुंदीला मांडणी बदलते ती रुंदी म्हणजे टप्पा. बूटस्ट्रॅप या प्रचलित साधनसंचात ५७६, ७६८, ९९२, १२०० आणि १४०० असे टप्पे आहेत. ‘७६८ च्या टप्प्याखाली आलेख एकाखाली एक’ हे वाक्य कोणालाही कळेल. ‘खंडबिंदू’ असेही कोणी सुचवेल, पण तिथे काही खंडित होत नाही. २०२३ पासून सगळ्या प्रमुख ब्राउझरमध्ये अशीही सोय झाली आहे की एखादा चौकोन आख्ख्या स्क्रीनची रुंदी न बघता स्वतःला मिळालेल्या जागेची रुंदी बघून बदलतो. तेव्हा टप्पा कुणाचा, स्क्रीनचा की चौकोनाचा, हेही सांगावे लागेल, आणि ‘टप्पा’ शब्दाने ते सहज सांगता येते.

आता विशेषण. ‘मनाजोगता’ हा शब्द आपल्या तोंडी आहे. मनाजोगते घर, मनाजोगती नोकरी. त्यातला ‘जोगता’ म्हणजे योग्य, साजेसा, ज्याच्यासाठी आहे त्याला उपयोगी पडेल असा. त्यावरून मी ‘स्क्रीनजोगता’ सुचवतो. लिंगवचनाप्रमाणे तो सरळ चालतो: स्क्रीनजोगता डॅशबोर्ड, टीव्हीजोगती मांडणी, मोबाईलजोगते तक्ते. मावणे, बसणे, बेतणे यांपैकी काय केले आहे हे त्यात सांगितलेले नसते, पण वाचणाऱ्याच्या उपयोगाचे झाले आहे एवढे नक्की कळते, आणि सभासदाला तेवढेच हवे असते. ‘पडद्याजोगता’ही व्याकरणाने चालेल. पण पडदा म्हटले की आपल्याला सिनेमा किंवा दारावरचे कापड आठवते, आणि हातातल्या मोबाईलला कोणी पडदा म्हणत नाही. स्क्रीन राहू द्या. डॅशबोर्डही राहू द्या, तो शब्द आता गाडीमुळे घरोघरी आहे.

तेव्हा सभासदांच्या सूचनेत असे लिहिता येईल: ‘संस्थेचा डॅशबोर्ड आता मोबाईलजोगता केला आहे. आजचे दर सर्वांत वर दिसतील, आवक त्याखाली. मोठे तक्ते बोटाने आडवे सरकवून पाहावेत.’ डॅशबोर्ड करणाऱ्याला द्यायच्या कागदात मात्र विशेषण नको, क्रियापदे घाला: ‘लॅपटॉपची मांडणी ९९२ च्या टप्प्यापर्यंत तशीच बसवावी, त्याखाली मोबाईलसाठी वेगळी बेतावी, टीव्हीसाठी तिसरी बेतावी, नुसते लहान करून मावेल असे कुठेही करू नये.’

‘मनाजोगता’प्रमाणेच हे शब्दही जोडून लिहावेत. ‘मोबाईल जोगता’ असे तोडले तर वाचताना अडखळायला होते.