सहा महिन्यांत ‘हॅकर’ होण्याआधी

स. न. वि. वि.

आपले पत्र मिळाले. चिरंजीव बारावी विज्ञान शाखेत आहेत, सायबर सुरक्षेत राहून देशाच्या कामी यावे अशी त्यांची इच्छा आहे आणि त्यासाठी ‘सहा महिन्यांत एथिकल हॅकर’ (परवानगी घेऊन यंत्रणेतल्या त्रुटी शोधणारा) करणाऱ्या वर्गाची ऐंशी हजार फी भरावी का, असे आपण विचारता. इच्छा चांगली आहे. फी तूर्त भरू नये.

नोव्हेंबर 2022 मध्ये रॅन्समवेअरने (माहिती कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने) दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पाडले, तेव्हा देशातल्या अग्रगण्य रुग्णालयात नोंदणीपासून तपासण्यांच्या अहवालांपर्यंत सगळे कित्येक दिवस हाताने लिहावे लागले. नेटवर्कची विभागणी नीट नव्हती, हे त्याचे कारण सरकारने पुढे संसदेत सांगितले. म्हणजे एका दारातून शिरलेल्याला आतल्या खोल्या मोकळ्याच मिळाल्या. ऑगस्ट 2018 मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सुमारे 94 कोटी रुपये गेले, तेही व्यवहारांना मंजुरी देणारी बनावट यंत्रणा मध्ये उभी करून, आणि त्यातली बरीचशी रक्कम परदेशांतल्या एटीएममधून निघाली. शस्त्र न उचलता रुग्णालय, बँक किंवा वीजपुरवठा ठप्प करता येतो, म्हणूनच हा विषय आता राष्ट्रीय सुरक्षेचा झाला आहे.

हे रोखणारे काम मात्र जाहिरातीत दिसते तसे नसते. लॉग (यंत्रणेत काय घडले याच्या नोंदी) वाचणे, पॅच (सॉफ्टवेअरमधल्या त्रुटींच्या दुरुस्त्या) वेळेवर बसवणे, कोणाला कुठवर प्रवेश द्यायचा हे ठरवणे, यातच दिवस जातो (काहींना ते फार कंटाळवाणे वाटते, हे आधीच सांगितलेले बरे). त्यासाठी नेटवर्किंग, ऑपरेटिंग सिस्टिम आणि प्रोग्रॅमिंग पक्के हवे. म्हणून संगणक किंवा आयटी अभियांत्रिकीची पदवी घ्यावी. पुढे सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचा सुरक्षाविषयक पदव्युत्तर डिप्लोमा करता येतो. सायबर हल्ल्यांचा मुकाबला करणाऱ्या सर्ट-इनसारख्या सरकारी संस्थांखेरीज बँका आणि वीज कंपन्या यांनाही अशी माणसे लागतात.

एक गोष्ट चिरंजीवांना आपणच बजावावी: ‘सहज बघितले’ म्हणून कॉलेजच्या किंवा कुणाच्याही यंत्रणेत परवानगीवाचून शिरू नये. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 खाली ते अंगलट येऊ शकते, आणि सरकारी नेमणुकीपूर्वी चारित्र्य पडताळणी होते.

तोवर घरातल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि वायरशार्क हे नेटवर्कवरची ये-जा दाखवणारे सॉफ्टवेअर त्यांना बसवून द्यावे. एचटीटीपीवरून (वेबसाइटशी होणाऱ्या साध्या संपर्कातून) पाठवलेला पासवर्ड उघडा कसा दिसतो आणि एचटीटीपीएसवर (त्याच्याच सांकेतिक, सुरक्षित रूपात) तो का वाचता येत नाही, हे त्यांनी परीक्षेनंतर आपल्याला स्वतः करून दाखवावे. तेवढे जमले आणि आवडले, की पुन्हा लिहावे.