थिजणे की गोठणे?

तुमच्या 'खोबरेल तेल गोठलं' या वाक्याचा अर्थ कळतो, पण घरात सहसा कुणी असं बोलत नाही. तेल-तूप थिजतं, पाणी गोठतं. खोबरेल साधारण २४ अंशांखाली थिजायला लागतं, म्हणून डिसेंबरात पुण्यात सकाळी बाटली उन्हात ठेवलेली दिसते. पाणी गोठायला शून्य अंश लागतात. रक्त गोठतं, साकळतंही. दही लागतं, आमटी आळते. तिथे ही दोन्ही क्रियापदं नकोत. भीतीने माणूस थिजतो, त्याचं रक्त गोठतं, असं दोन्ही चालतं (कथालेखकांनी जरा अतीच वापरलंय). बँक मात्र खातं गोठवते. 'खातं थिजवलं' लिहिलंत तर लोक हसतील. आणि 'बर्फ गोठला' टाळा. गोठतं ते पाणी. त्याचा बर्फ होतो.