अंतर तेच, मग जाता-येता वेळ वेगळा का?

प्रश्न : मी जानेवारीत लेकीकडे न्यूयॉर्कला जाऊन फेब्रुवारीत परतणार आहे. मोबाइलवर मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर दिसते. तिकिटाप्रमाणे विमान रात्री 1.30 ला निघून त्याच दिवशी सकाळी 7 ला पोहोचते. परतीचे मात्र दुपारी 12 ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी 1 ला येते. जाताना साडेपाच तास आणि येताना पंचवीस, हे कसे? गुडघेदुखीमुळे नेमके किती तास बसावे लागेल, ते कळावे.
— एक निवृत्त शिक्षिका, खानापूर (जि. बेळगाव)

उत्तर : तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते, म्हणून त्यांची थेट वजाबाकी फसते. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. आपण तेथे सकाळी 7 ला उतराल तेव्हा खानापुरात संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतील. म्हणजे जातानाचे खरे तास 16. परतीच्या पंचवीस तासांतून तेच साडेदहा वजा केले की साडेचौदा उरतात.

उरलेला दीड तासाचा फरक वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे वेगवान झोत वाहतात आणि हिवाळ्यात त्यांना अधिक जोर असतो. येताना हा वारा विमानाच्या पाठीशी असतो, जाताना तोंडावर. त्यामुळे ताशी 900 किलोमीटर धरून केलेला चौदा तासांचा हिशेब जाताना जुळत नाही. शिवाय धावपट्टीपर्यंतचे रांगणे आणि चढ-उतार यांचा वेळ वेगळाच. पावसाळ्यात चोर्ला घाटातून पणजीला निघालेल्याला आपण तरी किलोमीटर कुठे विचारतो, ‘किती तास लागतील?’ असेच विचारतो.

अंतराबद्दल एक गोष्ट मुद्दाम करून पाहावी. शाळेतल्या पृथ्वीगोलावर मुंबईवर बोट दाबून दोरा न्यूयॉर्कपर्यंत ताणला, तर तो अरबस्तानावरून न जाता सरकत सरकत वर चढतो आणि उत्तर युरोप, आइसलँडचा परिसर व ग्रीनलंडचे दक्षिण टोक गाठून खाली उतरतो. मोबाइलवरील आकडा या ताणलेल्या दोऱ्याचा आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून आखलेली रेषा सरळ दिसली, तरी तो मार्ग दीड हजार किलोमीटरहून अधिक लांब पडतो. प्रत्यक्षात विमान दोराही तंतोतंत पाळत नाही, कारण वाऱ्याप्रमाणे आणि एखाद्या देशाने आपले आकाश बंद केल्यास वळसा घ्यावा लागतो. पाकिस्तानने 2019 मध्ये हवाई हद्द बंद केली, तेव्हा भारतातून पश्चिमेकडे जाणाऱ्या अनेक विमानांचा प्रवास लांबला होता.

तेव्हा गुडघ्यांसाठी जाताना सोळा, येताना साडेचौदा तास धरावेत. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून मुंबईपर्यंतचे उड्डाण आणि तेथील थांबा यांत धरलेला नाही. मार्गिकेलगतची जागा मागून घ्यावी, म्हणजे शेजाऱ्याला न उठवता अधूनमधून चार पावले टाकता येतील.