सगळ्यांचं बिल तूच का भरतोस?

अरे, तुझा मेसेज वाचला. पगार झाला की दहा दिवसांत अकाउंट रिकामं, आणि धाकटा घरात एक रुपया काढत नाही म्हणून तू त्याला कंजूष म्हणतोस, ते मला नाही पटलं. घर एकच, पण तुम्हा दोघांचं लहानपण वेगळं गेलंय रे. वडिलांचं काम सुटलं तेव्हा उधारीची वही घेऊन किराणा दुकानात तुला पाठवायचे, दुकानदार आधी बाकीची गिऱ्हाईकं उरकायचा आणि मग सगळ्यांदेखत विचारायचा, मागचं कधी देणार? धाकटा तेव्हा लहान, त्याने घरात फक्त "पैसे नाहीत" एवढंच ऐकलं. म्हणून तो साठवतो, तू वाटत सुटतोस, पण भीती दोघांची तीच.

तू मनापासून देतोस यात शंकाच नाही. पण कुणी साधा चहा पाजला तरी टपरीवरच त्याला दहा रुपये यूपीआय करतोस, हे बघ जरा. मिंधं राहायचं नाही, ही त्या दुकानातली जखम आहे.

कर्मवीर भाऊराव पाटलांना हे बरोबर कळलं होतं. १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली, बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी, दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिलं, आणि एवढं देऊनही पोरांवर उपकाराचं ओझं नको म्हणून 'कमवा आणि शिका', म्हणजे पोरांनी राबायचं, शिकायचं, मान वर ठेवायची. मला तर त्यांच्या देण्याइतकंच हेही मोठं वाटतं.

आता तू काय कर, पगाराच्या दिवशीच घरचे आणि मदतीचे पैसे वेगळ्या अकाउंटला टाक, ते संपले की "या महिन्यात नाही जमणार" असं सरळ सांग, कोणी तुटत नाही त्याने. धाकट्याकडे "घरी काहीतरी दे" असं मोघम मागू नकोस, किती द्यावं लागेल याचीच त्याला धास्ती असते, लाइट बिल तेवढं तुझ्याकडे असं सांग, तो भरेल बघ.

आणि रविवारी जेवायला ये. मिठाईचा बॉक्स आणायचा नाही, रिकाम्या हाताने यायचं. काकूंनी डबा भरून दिला तर तोही मुकाट्याने घ्यायचा.