कागद नाही, पण संसार झाला

प्रश्न : आमचं लग्न 1999 साली गावच्या देवळात झालं. नोंदणी केली नाही, फोटो पुरात गेले, भटजीही आता हयात नाहीत. पती सरकारी नोकरीत होते, मार्चमध्ये वारले. आता दीर म्हणतात, 'ही बायको नव्हेच, नुसती सोबत राहायची.' त्यामुळे कुटुंब निवृत्तिवेतन अडलं आहे. इतकी वर्षं एकत्र राहिल्याचा उपयोग होईल का?
— एक वाचक, कराड

उत्तर : होईल. नोंदणी केली नाही म्हणून लग्न बाद होत नाही, असं हिंदू विवाह कायद्याच्या कलम 8 मध्येच लिहिलं आहे. अडचण पुराव्याची आहे, आणि तिथे भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम 119 (जुन्या पुरावा कायद्यातलं 114) कामी येतं. दोघं दीर्घकाळ नवरा-बायको म्हणून राहिले आणि भोवतालच्यांनी त्यांना तसंच मानलं, तर लग्न झालं होतं असं न्यायालय गृहीत धरू शकतं. ते खोडून काढण्याचा भार मग दिरांवर पडतो. पन्नास वर्षांच्या संसारानंतर लग्नाचे साक्षीदार मागितले तर फार थोडे लोक टिकतील, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 सालीच म्हटलं आहे.

किती वर्षं हवीत याचा आकडा मात्र कुठल्याही कलमात नाही. 'दहा वर्षं राहिलं की लग्न होतं' या पारावरच्या गप्पा.

कागद गोळा करताना एकच कसोटी लावा : तो वाद सुरू होण्याआधीचा आहे का? तेराव्यानंतर आणलेला सरपंचांचा दाखला किंवा नोटरीचं प्रतिज्ञापत्र फारसं टिकत नाही. पतीने स्वतः भरलेले कागद सर्वांत भारी. सेवापुस्तकात कुटुंबाची माहिती असते, त्याची प्रमाणित प्रत आधी मागा. मग विमा पॉलिसी (नॉमिनीच्या नावापुढे 'नातं : पत्नी' लिहिलंय ना, ते पाहा, तो रकाना अनेकदा रिकामा असतो), मुलं असतील तर त्यांचे जन्मदाखले, जुन्या मतदार याद्या, शिधापत्रिका. शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर तुमची सही 'पत्नी' म्हणून असेल, तर ते पानही मोलाचं. एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं असेल तर ती दोन्ही नावं तुमचीच आहेत हे दाव्यातच लिहून टाका. उलटतपासणीत ते बाहेर आलं की उगाच संशय येतो.

साक्षीदार निवडताना लोक चुकतात. 'सगळे तिला बायकोच म्हणायचे' ही ऐकीव गोष्ट झाली. साक्ष्य अधिनियमाच्या कलम 44 नुसार (जुनं 50) नात्याची खास माहिती असलेल्या माणसाचं मत त्याच्या वागण्यातून दिसावं लागतं. 'सासूच्या बाराव्याला सुनेचं सगळं हिनेच केलं, मी तिथे होते', 'माझ्या मुलीच्या लग्नात आम्ही या दोघांना जोडीने आहेर केला', अशी साक्ष हवी. सासरकडचं एखादं माणूस मिळालं तर उत्तमच.

दावा वैवाहिक दर्जा जाहीर करून मागण्याचा. तो कुटुंब न्यायालयात दाखल होतो. तुमच्या भागासाठी ते नसेल तर दिवाणी न्यायालयात.

प्रश्न : त्यांची पहिली बायको हयात होती, घटस्फोट नव्हता. मला हे नंतर कळलं. आम्ही पंधरा वर्षं एकत्र राहिलो, तरी काहीच हक्क नाही?
— एक वाचक, लातूर

उत्तर : पत्नीचा दर्जा मिळणार नाही. पहिलं लग्न टिकून असल्याचं सिद्ध झालं की कितीही वर्षांचं गृहीतक कोसळतं. पण पहिलं लग्न लपवून दुसरं केलं असेल, तर फसवल्या गेलेल्या स्त्रीला पोटगी मिळू शकते. 2013 साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसा निकाल दिला. अर्ज आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली करायचा. तुम्हाला लग्नाआधी काहीच ठाऊक नव्हतं हे दाखवणारा मजकूर (पत्रं, संदेश, त्यांनी 'अविवाहित' असं लिहिलेला एखादा फॉर्म) जपून ठेवा. लग्नाचे विधी झाले असतील तर मुलं हिंदू विवाह कायद्याच्या कलम 16 मुळे औरस ठरतात आणि वडिलांच्या मालमत्तेत त्यांना वाटा असतो. मुलांच्या वाट्याचा अर्ज तुमच्या दर्जासाठी अडवून ठेवू नका.