नव्या गिटारची वॉरंटी आणि सोबत मिळणारं सामान : वाचकांची प्रश्नोत्तरं

अकूस्टिक गिटार घेण्याबद्दल आलेल्या पत्रांमध्ये या वेळी आवाजापेक्षा वॉरंटी आणि सोबतच्या वस्तू यांचेच प्रश्न जास्त आहेत. मला याचा आनंद झाला. दुकानात सूर सगळेच ऐकतात, कागद मात्र फार थोडे जण वाचतात. पुढे अडतं ते बहुतेक वेळा कागदापाशीच.

प्रश्न : दोन गिटार आवडल्या आहेत. एकीवर एक वर्षाची वॉरंटी आहे, दुसरीवर 'लाइफटाइम'. दुसरी घ्यावी हे उघडच आहे ना?

उघड मुळीच नाही. लाइफटाइम वॉरंटी सहसा पहिल्या मालकापुरती असते आणि तीही अधिकृत विक्रेत्याकडून घेतल्याचं बिल असेल तरच. मार्टिन आणि टेलर या मोठ्या कंपन्यांचीही हीच पद्धत आहे. शिवाय वॉरंटी कितीही वर्षांची असली तरी तिच्यात फक्त बनावटीतले दोष येतात : ब्रिज (तारा अडकवायची खालची पट्टी) उचलला जाणं, आतली ब्रेस (लाकडी आधारपट्टी) सुटणं, नेकला (लांब दांड्याला) पीळ पडणं, सांध्याचा डिंक सोडणं. तारा, झिजलेले फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या), पॉलिशवरचे ओरखडे, पडून झालेलं नुकसान आणि हवामानाचे परिणाम तिच्याबाहेर राहतात. पिकअप आणि प्रीअँप (आवाज स्पीकरकडे पाठवणारे विजेचे भाग) असलेली गिटार असेल तर त्या भागाची मुदत बहुधा वेगळी आणि कमी असते. कार्डावर ती ओळ शोधून वाचा.

विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा. दुरुस्ती कोण करणार? गिटार कुठे पाठवावी लागणार? जाण्यायेण्याचा वाहतूक खर्च कोणाचा? हा खर्च ग्राहकाच्या माथी असेल आणि सर्व्हिस सेंटर लांब असेल, तर आयुष्यभराची वॉरंटी कागदावरच राहते. बनावटीतला दोष असला तर तो बहुतेक वेळा पहिल्या वर्षातच, सगळे ऋतू एकदा पार पडले की दिसू लागतो. म्हणून जवळच्या, ओळखीच्या तंत्रज्ञाकडे पूर्ण होणारी एका वर्षाची वॉरंटी मला जास्त भरवशाची वाटते.

प्रश्न : सहा महिन्यांत गिटारच्या टॉपला (पुढच्या लाकडी फळीला) ब्रिजजवळ चीर गेली. एकदाही पडली नाही. कंपनी म्हणते, 'हा हवामानाचा परिणाम आहे, वॉरंटीत येत नाही.' ही टाळाटाळच नाही का?

तुमचा राग समजतो, पण आधी एक गोष्ट तपासा. नेकच्या कडेवरून बोट वरपासून खालपर्यंत फिरवा. फ्रेटची टोकं बोटाला टोचतात का? टोचत असतील तर गिटार कोरडी पडली आहे. हवा कोरडी झाली की फिंगरबोर्डचं (नेकवर फ्रेट बसवलेल्या पट्टीचं) लाकूड रुंदीत आकसतं. फ्रेट धातूचे असल्यामुळे आकसत नाहीत, म्हणून त्यांची टोकं बाहेर येतात. त्याच वेळी टॉप किंचित खाली बसतो, तारा फ्रेटच्या जवळ येतात आणि वाजवताना खरखर ऐकू येते. एवढं होऊनही लक्ष दिलं नाही तर लाकूड रेषेच्या दिशेने फाटतं. दुरुस्ती करणारा माणूस हीच चिन्हं बघून निर्णय देतो.

याउलट फ्रेटची टोकं गुळगुळीत आहेत, टॉप बसलेला नाही आणि तरीही चीर पडली आहे, अशी स्थिती असेल तर तुमच्या तक्रारीत दम आहे. नेकच्या कडेचे आणि टॉपचे जवळून काढलेले फोटो जोडून पुन्हा लिहा.

गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. केसमध्ये छोटा आर्द्रतामापक ठेवा. आकडा बराच वेळ ४० च्या खाली राहिला तर साउंडहोलमध्ये (टॉपवरच्या गोल भोकात) बसवायचा ह्युमिडिफायर, म्हणजे ओलावा देणारं साधन, वापरा. हवा फार दमट झाली तर उलटी लक्षणं दिसतात : ब्रिजमागचा टॉप फुगतो, तारा वर जातात, दाबताना बोटं दुखतात. तेव्हा केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात. एसी किंवा हीटरच्या झोतात आणि उन्हात उभ्या बंद गाडीत गिटार कधीच ठेवू नका. गाडीतल्या उष्णतेने ब्रिजखालचा डिंकसुद्धा सैल पडतो.

चीर स्वतः डिंक लावून बुजवू नका. आधी लाकडात ओलावा परत यावा लागतो. तो आला की चीर पुष्कळदा मिटत येते, आणि मग तंत्रज्ञ ती नीट चिकटवतो. सॉलिड टॉपची गिटार घेणाऱ्या प्रत्येकाने हे आधीच समजून घ्यावं, कारण अखंड लाकडाचा आवाज जितका चांगला तितकी त्याला निगा जास्त. लॅमिनेट टॉपमध्ये पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे तो सहसा असा फाटत नाही.

प्रश्न : एका पॅकमध्ये गिटारसोबत बॅग, ट्यूनर (तारा सुरात लावायचं यंत्र), कॅपो (सूर चढवायला नेकवर लावायची पकड), पट्टा, पिक आणि जादा तारा मिळतात. तेवढ्याच पैशांत थोडी वरची गिटार मिळते, पण नुसती. काय घ्यावं?

वरची गिटार घ्या. कॅपो, पट्टा, पिक पुढे कधीही घेता येतात. टॉप आणि नेक बदलता येत नाहीत.

पॅकच घ्यायचा असेल तर त्यातली बॅग हातात घेऊन बघा. पातळ कापडाची बॅग फक्त धूळ अडवते. निदान १० मिलिमीटर पॅडिंग हवं, आणि हेडस्टॉक (खुंट्यांचं वरचं टोक) व तळाशी जास्त. क्लिप ट्यूनर मात्र खरंच उपयोगी. तो लाकडाची कंपनं पकडतो, म्हणून गोंगाटातही चालतो. जादा तारांचं पाकीट उघडण्याआधी त्यावरचं नाव वाचा. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा चढवायच्या नाहीत. नायलॉनच्या संचाचा एकूण ताण साधारण ४० किलो असतो, तर स्टीलच्या लाइट संचाचा ७० च्या आसपास. ब्रिज उखडला तर तो दोष बनावटीचा धरला जाणार नाही. पॅकमध्ये स्टँड असेल तर त्याच्या रबराकडेही लक्ष द्या. काही रबरं नायट्रोसेल्युलोज फिनिशवर (एका प्रकारच्या पॉलिशवर) कायमचे डाग पाडतात.

भेटवस्तूंऐवजी दुकानदाराकडे सेटअप, म्हणजे तारांची उंची वगैरे जुळवून देणं, मागा. माझ्या मते नवशिक्यासाठी सगळ्यात मोलाची 'सोबतची वस्तू' तीच. कारखान्यातून आलेल्या गिटारच्या तारा बऱ्याचदा उंच असतात. बाराव्या फ्रेटवर जाड सहावी तार अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि पहिली दोनच्या आत असली तर हात आरामात चालतो. नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा उथळ राहिल्या असतील तर पहिल्या फ्रेटवरचा एफ कॉर्ड दाबताना जीव जातो, आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपल्या बोटांतच ताकद नाही. कितीतरी जण याच टप्प्यावर गिटार सोडतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. खाच योग्य खोलीची करणं हे सराईत माणसाचं थोड्या वेळाचं काम आहे.

प्रश्न : पट्टा मिळाला, पण गिटारला तो अडकवायचं बटण एकच आहे. दुसरं घरी बसवू का?

वॉरंटीच्या मुदतीत स्वतः भोक पाडू नका. ते काम अधिकृत तंत्रज्ञाकडून करून घ्या आणि त्याची पावती जपा. तोवर पट्ट्याचं वरचं टोक नाडीने हेडस्टॉकला, नटच्या मागे तारांखालून बांधा.

प्रश्न : गिटार ऑनलाइन मागवली आहे. आल्यावर काय बघू?

बाहेरच्या आणि आतल्या हवेत खूप फरक असेल तर खोका काही तास बंदच राहू द्या. उघडताना व्हिडिओ काढा. वाहतुकीत झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही, ते विक्रेत्याच्या परताव्याच्या मुदतीतच कळवावं लागतं. त्यामुळे ती मुदत संपेपर्यंत खोका आणि आतलं पॅकिंग टाकू नका.

मग लेबलवरचा किंवा नेकवरचा सीरियल नंबर कार्डाशी जुळवा. प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर एकदा वाजवा. खरखर एकाच फ्रेटवर येते की सगळीकडे, ते लिहून ठेवा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून काढलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. ब्रिजच्या मागच्या कडेखाली पातळ कागद सरकवून बघा. तो आत शिरत असेल तर ब्रिज सुटू लागला आहे, अशी गिटार लगेच परत करा. फोन साउंडहोलजवळ धरून आतल्या ब्रेसचे फोटो काढा. ब्रिजमागे हलकासा फुगवटा दिसला तर घाबरू नका, स्टीलच्या तारांच्या गिटारवर तो नेहमीचा असतो.

प्रश्न : पिशवीत एक एल आकाराची चावी आली आहे. ती फिरवली तर वॉरंटी जाते का?

ती ट्रस रॉडची, म्हणजे नेकचा बाक जुळवणाऱ्या आतल्या गजाची, अ‍ॅलन की आहे. कंपनीनेच दिलेली असल्यामुळे ती वापरणं सहसा मना नसतं. पण जोर लावून रॉड तुटला तर तो दोष तुमचाच. एका वेळी पाव वेढ्याहून जास्त फिरवू नका, आणि अडली तर तिथेच थांबा. नेकचा बाक तपासायला सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर दाबून धरा. सातव्या फ्रेटजवळ तारेखाली व्हिजिटिंग कार्ड जेमतेम शिरेल एवढी फट असली तर चावी पिशवीतच राहू द्या. तारा उंच वाटल्या म्हणून रॉड आवळणं चूक आहे. उंचीचं काम सॅडल (ब्रिजवर तारा टेकतात ती पट्टी) आणि नटवर होतं.

प्रश्न : मित्र आठ महिन्यांची गिटार विकतोय. 'वॉरंटी बाकी आहे' म्हणतो.

कार्डावर 'पहिला खरेदीदार' किंवा 'मूळ मालक' असे शब्द असतील तर ती वॉरंटी तुम्हाला मिळणार नाही. वॉरंटी नाही असं धरूनच किंमत ठरवा आणि वर सांगितलेली, ब्रिजखाली कागद सरकवण्याची चाचणी त्याच्यासमोर करा. मूळ बिल मात्र मागून घ्या. गिटार चोरीची नाही याचा तो पुरावा आहे, आणि पुढे तुम्ही विकायला काढाल तेव्हाही तो लागेल.